ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ: घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

तुझा प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही राहिलं तर सांग. काका मस्कतची नोकरी संपवून परत आले आणि स्वतःचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, तुला दिलं. आत ७७५० नंबरचं स्विस मशीन आहे, बारा-तेरा वर्षं जुनं आणि आजवर एकदाही उघडलेलं नाही. आता तुझ्या तक्रारी. शनिवार-रविवार टेबलावर राहिलं की सोमवारी बंद. मनगट झटकलं की आत काहीतरी गरगरतं आणि अख्खं घड्याळ थरथरतं. वरचं बटण भलतंच कडक आहे आणि ते दाबलं की मधला मोठा काटा निघताना टुणकन उडी मारतो. तारीख दुपारी बाराला बदलते. रोज वीसेक सेकंद पुढे जातं. शिवाय मे महिन्यात मालवणला जाणार आहेस, मागच्या झाकणावर १०० मीटर लिहिलंय, तर पोहताना घालू का, आणि ते रात्रभर फिरवणारं वाइंडर घेऊ का.

तीसेक वर्षं डोळ्याला भिंग लावून बसतोय, त्यावरून एक सांगतो. तू ज्या गोष्टींनी घाबरलायस त्यातल्या बहुतेक या मशीनचा स्वभाव आहेत, आजार नाहीत. आणि जे खरे आजार आहेत, म्हणजे सुकलेलं तेल, मेलेलं रबर आणि चुकीच्या वेळी बदललेली तारीख, ते काही आवाज करत नाहीत. तुझ्या सगळ्या पत्रात तू एका ओळीत जाता जाता म्हणालास की 'कधीच उघडलेलं नाही, म्हणजे किती चांगलं असेल बघा', माझी झोप उडवणारी ओळ तीच आहे रे बाबा.

आधी ते बंद पडणं. ऑटोमॅटिक या शब्दाने लोक फसतात. त्यांना वाटतं याला आपल्याकडून काहीच नको. याला बॅटरी नको एवढंच खरं, तुझा हात मात्र हवाच. आत एक अर्धगोल जड धातूचा पंखा असतो, त्याला रोटर म्हणतात. तू हात हलवलास की तो फिरतो, त्याने डब्यातली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडत राहते म्हणून घड्याळ चालतं. पूर्ण भरलेली स्प्रिंग जुन्या ७७५० मध्ये ४२ ते ४८ तास पुरते. शुक्रवारी रात्री ९ ला काढून ठेवलंस आणि सोमवारी सकाळी ९ ला उचललंस तर मध्ये ६० तास गेले. बंद पडणारच. त्यात तू दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा माणूस, हात टेबलावर टेकवून नुसती बोटं चालणार, म्हणजे शुक्रवारी काढतानासुद्धा स्प्रिंग अर्धीच भरलेली असायची.

गरगरणं पण यातलंच. ७७५० चा रोटर एकाच दिशेने चावी भरतो. दुसऱ्या दिशेने त्याच्यावर काहीच भार नसतो, त्यामुळे एक झटका बसला की तो पंख्यासारखा मोकळा सुटतो, चार-पाच गरके घेतो आणि त्याचा हिसका मनगटाला जाणवतो. ज्यांच्याकडे आधी साधं ऑटोमॅटिक होतं ते हे पहिल्यांदा अनुभवलं की घाईघाईने दुकानात येतात, आत काहीतरी सुटलंय म्हणून. काही सुटलेलं नसतं. मात्र मऊ गरगर वेगळी आणि खरखर वेगळी. घड्याळ कानाला लावून हळू तिरकं कर, वाळूवर पत्रा घासल्यासारखा आवाज आला तर रोटरचं बेअरिंग तरी गेलंय किंवा रोटर सैल होऊन झाकणाला आतून घासतोय. मग घालायचं थांबव, कारण घासून निघालेली धातूची भुकटी सगळ्या मशीनभर पसरते.

आता घरच्या घरी एक चाचणी कर, फुकट आहे. बंद पडलेलं घड्याळ घे, क्रोनो, म्हणजे स्टॉपवॉच, बंद ठेव आणि हाताने चावी दे. क्राऊन, म्हणजे बाजूची चावी द्यायची गुंडी, आट्यांचा असेल तर आधी उघडावा लागेल. चाळीसेक वेळा सावकाश पुढे फिरव. जास्त चावी देऊन स्प्रिंग तुटेल ही भीती जुन्या हातचावीच्या घड्याळांची. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीला अडकवलेलं नसतं, भरली की ते घसरतं, त्यामुळे तटकन थांबत नाही आणि तुटतही नाही. मग टेबलावर ठेव आणि किती तास चाललं ते लिही. ४० च्या वर गेलं तर स्प्रिंग आणि चाकं बरी आहेत. एवढं चालूनही रोज दिवसभर हातात घातल्यावर जर बंद पडत असेल तर दोष रोटरकडून स्प्रिंगकडे जाणाऱ्या चाकांत. आणि हाताने पूर्ण भरूनही ३० तासांतच मान टाकली तर तेल सुकलंय. तुझं तिसऱ्यात निघेल असं मला वाटतंय, पण करून बघ.

क्राऊन परत बंद करताना एक सांगतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना आई काय करते बघ, आधी जरा उलटं फिरवते, आटे जुळले की टक् होतं, मग सुलटं आवळते. तस्संच करायचं. थेट दाबून आवळायला गेलास आणि आटे तिरके बसले की क्राऊन ज्या नळीवर आवळतो ती बदलावी लागते, आणि पाणी शिरायची पहिली वाट तिथेच तयार होते.

तारीख. ही नीट वाच, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते करणारा घड्याळाचा मालक असतो, स्वतःच्या बोटांनी. क्राऊन पहिल्या टप्प्यावर ओढला की एका बाजूला फिरवून तारीख बदलते, दुसऱ्या बाजूला वार. सोपं वाटतं. पण रात्री साधारण ८ पासून पहाटे २ पर्यंत आतलं तारखेचं चाक आपलं काम करत असतं, त्याचा दात तारखेच्या चकतीत घुसलेला असतो आणि तेवढ्यात तू बाहेरून चकती ढकलायला गेलास की कुणाला तरी माघार घ्यावी लागते. माघार घेतो तो बारीकसा दात. तुटताना आवाज नाही, काही नाही, दुसऱ्या दिवसापासून तारीख अर्धवट अडकते एवढंच. आणि घड्याळातले रात्रीचे आठ म्हणजे तुझ्या भिंतीवरचे आठ नाहीत, घड्याळाच्या आतले. तुझं तर १२ तासांनी उलटं आहे, म्हणून दुपारी बाराला तारीख बदलते. म्हणजे तुझ्यासाठी सकाळी ८ ते दुपारी २ हा धोक्याचा काळ झाला, आणि बंद पडलेलं घड्याळ तू ऑफिसला निघताना सकाळीच लावत असणार.

दुरुस्ती सोपी. क्राऊन शेवटच्या टप्प्यावर ओढ, छोटा सेकंदकाटा थांबेल. काटे पुढे पुढे फिरवत जा, तारीख उडाली की समज मध्यरात्र झाली. तसंच पुढे सकाळी साडेसहापर्यंत ने, दोन्ही काटे खाली लोंबकळले की तारखेचं चाक मोकळं असतं. आता एक टप्पा आत ढकलून कालची तारीख आणि कालचा वार लाव. आजचा नाही, कालचा. परत शेवटच्या टप्प्यावर ये, काटे पुढे फिरवून आजची तारीख उडू दे, आणि तिथून आत्ताच्या वेळेपर्यंत चल, दुपारनंतर लावत असशील तर बाराचा एक फेरा जास्त. मध्यरात्रीच्या आसपास काटे मागे फिरवायचे नाहीत. वाराच्या जागी अरबी अक्षरं दिसली तर दचकू नकोस, आखातात विकल्या जाणाऱ्या घड्याळांत वाराची चकती बऱ्याचदा दोन भाषांची असते, एक टप्पा पुढे ढकललं की इंग्रजी येईल. आणि याला महिना कळत नाही, दर महिना ३१ चाच समजतो, त्यामुळे वर्षातून ५ वेळा तुलाच तारीख सरकवायची आहे.

आता क्रोनो, ज्यासाठी हे घड्याळ घेतात आणि मग वर्षानुवर्षं वापरत नाहीत. वरच्या बटणाने सुरू, वरच्यानेच थांब, खालच्याने शून्यावर. मधला मोठा काटा क्रोनोचे सेकंद दाखवतो, १२ पाशी ३० मिनिटांची चकती, ६ पाशी १२ तासांची, आणि ९ पाशी जो छोटा काटा सतत फिरतोय तो तुझा नेहमीचा सेकंदकाटा. मधला काटा थांबलेला असतो म्हणून घड्याळ बंद आहे असं समजून लोक आणून देतात, हसू नकोस, खरंच आणतात.

बटण कडक का? क्रोनो चालू-बंद करायच्या दोन पद्धती आहेत. एकात कॉलम व्हील असतं, किल्ल्याच्या बुरुजावर चर्या असतात तसे उभे दात असलेलं चाक, ते एकेक घर सरकतं आणि बोटाला लोण्यासारखं लागतं. ७७५० मध्ये ते नाही. एदमों काप नावाच्या माणसाने हे मशीन १९७० च्या दशकात आखलं ते स्वस्तात आणि भरपूर बनावं म्हणून, त्यात कॅम आहे, म्हणजे वेड्यावाकड्या कडांची एक पट्टी पुढेमागे सरकते आणि तिला खटकन जागेवर बसवायला एक दणकट स्प्रिंग. म्हणून पहिला दाब जड, शून्यावर आणायचा हलका. वेगवेगळे लागणार. कॉलम व्हीलवाले याला नाक मुरडतात. मी मात्र म्हणतो की दुरुस्तीला यापेक्षा सरळमार्गी क्रोनो मिळणार नाही, आणि पन्नास वर्षं शेकडो कंपन्यांनी हेच वापरलं ते काही उगाच नाही.

काट्याची उडी. क्रोनो चालू करताना एक छोटा दांडा तिरका होतो, त्याच्या दोन्ही टोकांना दाते असतात, एक टोक चालू चाकात अडकलेलंच असतं, दुसरं जाऊन क्रोनोच्या चाकाला भिडतं. ही युक्ती एदुआर ह्यूअरची, १८८७ चं पेटंट, आणि आजही तुझ्या मनगटावर तीच चालतेय. आता दात दाताच्या अगदी टोकावर आपटला तर बसायला जरा इकडेतिकडे सरकतो, तीच तुझी उडी. कधी पुढे, कधी किंचित मागे, कधी नाहीच. स्वभाव आहे, सोडून दे.

पण हे मात्र कधीच करायचं नाही. क्रोनो चालू असताना खालचं बटण दाबायचं नाही. आधी थांबव, मग शून्य. कॅम त्या बटणाला अडवून धरतो आणि तू अंगठ्याने जोर लावलास तर लिव्हर वाकतो. काही घड्याळं मुद्दाम तशी बनवलेली असतात, चालू असतानाच शून्यावर जाऊन परत निघणारी, त्यांना फ्लायबॅक म्हणतात, तुझं ते नाही. शून्यावर आणणारा भाग मला आजही आवडतो. प्रत्येक क्रोनो काट्याच्या चाकावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा एक तुकडा असतो. बटण दाबलं की हातोडी त्या बदामाच्या कडेवर येऊन पडते आणि बदाम कुठेही असला तरी घसरत खोलगट बाजूलाच येऊन थांबतो. काटा कुठेही असो, परत वरच. म्हणूनच शून्य करताना काट्याला मोठा हिसका बसतो, आणि काटा वरच्या खुणेवर न थांबता अर्धा सेकंद बाजूला थांबायला लागला तर समज तो आपल्या दांड्यावर सरकलाय. हे घरी करायला जाऊ नकोस. मी शिकाऊ असताना एका गिऱ्हाईकाचा असाच काटा तीनदा काढून तीनदा बसवला, दरवेळी केसभर चुकायचा, आणि तिसऱ्यांदा त्याची नळी एवढी सैल झाली की शून्य केलं की काटा गरगर फिरून कुठेही थांबायचा. उस्ताद काही बोलले नाहीत, नवा काटा येईपर्यंत दोन महिने त्यांनी ते घड्याळ माझ्याच टेबलावर समोर ठेवलं, बस.

क्रोनो सतत चालू ठेवला तर? शोभेसाठी मोठा काटा फिरता बरा दिसतो म्हणून बरेच जण ठेवतात. तुटत काही नाही, पण त्या जास्तीच्या चाकांचा भार त्याच स्प्रिंगवर येतो, तपासणीच्या यंत्रावर लावून बघितलं की बॅलन्सचा, म्हणजे झोके घेत घड्याळाची लय राखणाऱ्या चाकाचा, झोका वीस-तीस अंशांनी कमी झालेला सरळ दिसतो, आणि झीजही वाढते. ९ पाशी सेकंदकाटा आहे की तुला, मग कशाला. याचं उलटं पण करू नकोस, वर्षभर बटणाला हातच न लावणं. सर्व्हिसिंग झालं की आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालव, थांबव, शून्य कर. सेइको या जपानी कंपनीचं ६१३९ कुणाकडे असेल तर त्याचं गणित वेगळं. १९६९ चं ते मशीन, पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक, विल्यम पोग हा अंतराळवीर १९७३ मध्ये स्कायलॅबवर तेच घालून गेला होता. त्यात वेगळा सेकंदकाटा नाही आणि क्रोनोला चालत्या चाकांशी जोडणारा क्लच उभा, एकावर एक बसणारा, त्यामुळे क्रोनो चालू ठेवला तरी भार फारसा जाणवत नाही. पण त्याला हाताने चावीच देता येत नाही, हलवूनच चालू करावं लागतं, आणि आपल्याकडे बाजारात फिरणाऱ्या जुन्या सेइकोंच्या डायली इतक्या रंगवलेल्या असतात की बघून घ्यावं. असो, विषय तुझा आहे.

वापर कशाला करायचा म्हणशील तर बाहेरच्या कड्यावर जे आकडे आहेत ना, ४००, २००, १००, तो टॅकिमीटर. एक्स्प्रेसवेवर जाताना, गाडी दुसरा कुणीतरी चालवत असताना, एका किलोमीटरच्या दगडापाशी सुरू कर आणि पुढच्यापाशी थांबव. ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर, ४५ लागले तर ८० वर. ३६०० ला सेकंदांनी भागलंय, बाकी जादू नाही. पावसाळ्यात त्याहून मजा, वीज दिसली की सुरू, गडगडाट ऐकू आला की थांब, दर ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर. आमच्या नातवाला हा खेळ शिकवल्यापासून तो ढगांना घाबरत नाही, आकडा सांगत धावत येतो.

रोजचे वीस सेकंद. ऐकायला मोठं वाटतं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यातले २० म्हणजे हजारात पाव भागसुद्धा नाही. स्वित्झर्लंडची सीओएससी संस्था क्रोनोमीटर म्हणून शिक्का देते ती सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असली तर, पण ती मशीनं निवडून जुळवलेली असतात. न उघडलेल्या जुन्या ७७५० ने २० पुढे जाणं म्हणजे जुळवणी हवी, धावाधाव नको. तू एक आठवडा रोज सकाळी मोबाईलच्या वेळेशी ताडून लिहून ठेव, आणि रात्री काढताना कसं ठेवलंस तेही लिही, डायल वर की क्राऊन वर. काही घड्याळं एका कुशीवर पुढे जातात, दुसऱ्या कुशीवर मागे पडतात, मग रात्री बरोबर त्या कुशीवर झोपवलं की दिवसाचा हिशेब आपोआप जुळतो. हा आमचा जुना उपाय, पैसे पडत नाहीत.

मात्र कालपर्यंत २० होतं आणि आज अचानक चार-पाच मिनिटं पुढे, असं झालं तर ते चुंबक. मोबाईलचा स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, बॅगेचं चुंबकी बटण, हे सगळं बॅलन्सच्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्यांना एकमेकांना चिकटवतं आणि ती स्प्रिंग अशी आखूड झाली की घड्याळ पळत सुटतं. होकायंत्राजवळ घड्याळ नेऊन हळू फिरव, सुई जोरात वेडीवाकडी हलली तर शंका घ्यायची. चुंबक काढायला आमच्याकडे एक डबी असते, अर्ध्या मिनिटाचं काम. याला कुणी सर्व्हिसिंग करावं लागेल म्हणालं तर सरळ उठून ये तिथून.

मालवण. नाही. पोहताना नाही घालायचं, आणि का ते ऐक. १०० मीटर हा आकडा नवीन रबराचा, कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा. पाणी आत जायच्या वाटा साध्या घड्याळात तीन, मागचं झाकण, काच आणि क्राऊन. क्रोनोग्राफला दोन जास्त, दोन्ही बटणं, आणि प्रत्येक दाबाबरोबर आतलं बारीक रबर नळीत वरखाली घासतं. मस्कतचा घाम आणि उन्हाळा बारा वर्षं खाल्लेलं ते रबर आता एकतर चिकट गूळ झालं असेल नाहीतर कडक सुतळी. काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अलिबागहून आला. समुद्रात उभं राहून पोरांच्या शर्यतीची वेळ लावत होता, पाण्याखाली बटण दाबलं आणि दाबताक्षणी आत एक घोट गेला. त्याला कळलं ते संध्याकाळी, काचेवर आतून वाफ धरली तेव्हा. मग त्याने ते तांदळाच्या डब्यात ठेवलं चार दिवस. माझ्याकडे उघडलं तेव्हा रोटरखाली तांबडा गंज, क्रोनोचे लिव्हर आपल्या स्क्रूंसकट धरलेले, मिठाचे कण डोळ्याला दिसत होते. तांदूळ काही करत नाही. आत वाफ दिसली की त्याच दिवशी दुकानात, खारं पाणी असेल तर मी म्हणेन त्याच तासाला, कारण त्यातलं पाणी वाळतं पण मीठ राहतं.

गरम पाण्याने अंघोळ करतानाही काढ, साबणाचं पाणी रबराच्या फटीत सहज शिरतं. कोकणात नुसतं मनगटावर घालून फिरलास तर रात्री ओल्या फडक्याने आणि मग सुक्याने बटणांच्या कडेचं मीठ पुसून घे. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो तो वेगळाच, पावसाळ्यात रबरी नाहीतर स्टीलचा घाल.

आता तुझी ती ओळ, कधीच उघडलेलं नाही. बॅलन्स सेकंदाला ८ ठोके देतो, तासाला २८,८००, वर्षभर चालत राहिलं तर २५ कोटींच्या वर. हे सगळं चाकांच्या दांड्या ज्यात फिरतात त्या माणकाच्या खळगीतल्या तेलाच्या एका थेंबावर, आणि थेंब म्हणजे सुईच्या टोकावर मावणारा. पाच-सात वर्षांत ते तेल सुकतं किंवा पसरतं. घड्याळ मात्र चालत राहतं, आणि हीच फसगत आहे. गाडीचं ऑइल संपलं की दिवा लागतो, याला दिवा नाही. कोरड्या दांड्या माणकात फिरत राहतात आणि घासून निघालेली बारीक पूड तेलाच्या उरलेल्या चिकट्यात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. वेळेवर केलं असतं तर धुणं आणि तेल एवढंच, उशीर केला की चाकं बदला.

सर्व्हिसिंग म्हणजे काय ते माहीत असू दे, म्हणजे कुणी फसवणार नाही. क्रोनोग्राफमध्ये दोनशेच्या वर सुटे भाग असतात, ते सगळे सुटे करून, धुण्याच्या यंत्रात धुऊन, भिंगाखाली तपासून परत बसवायचे. तेल एक नसतं. वेगाने फिरणाऱ्या बारीक दांड्यांना पातळ, सावकाश आणि जोराने फिरणाऱ्यांना घट्ट, बॅलन्सला ठोके देणाऱ्या पॅलेटच्या खड्यांना वेगळंच, आणि स्प्रिंगच्या डब्याच्या भिंतीला खास ग्रीस, ज्याच्यावर ते स्प्रिंगचं टोक धरून पण राहील आणि वेळ आली की घसरेल पण. दिवसभराचं काम आहे, वर आठवडा-दोन आठवडे निगराणी. म्हणून साध्या तीन काट्यांच्या ऑटोमॅटिकच्या अडीच-तीनपट पैसे लागतात, त्याला इलाज नाही. कुणी म्हणालं की बसा अर्ध्या तासात ऑइलिंग करून देतो, तर तो झाकण उघडून वरून तेल सोडणार आहे. ते तेल क्रोनोच्या ब्रेकवर आणि चाकांच्या दातांवर पसरतं, धूळ ओढतं, आणि सहा महिन्यांनी तुझा काटा थांबवल्यावर थांबायचाच नाही. आम्हीही पूर्वी वाटीत पांढरं पेट्रोल घेऊन ब्रशने धुवायचो, खोटं कशाला बोलू, पण निदान सगळं सुटं करून धुवायचो.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी विचार आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघ. टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून वेग आणि झोका दाखवणारं यंत्र, आहे का. त्यावर ७७५० साठी लिफ्ट अँगल, म्हणजे झोका मोजायला त्या यंत्राला सांगावा लागणारा कोन, किती लावता, उत्तर ४९ यायला हवं. बरेच स्वस्त टाइमग्राफर मुळात ५२ वर असतात आणि तसंच ठेवलं की झोका खऱ्याहून जास्त दिसतो, २७० चा २८६ दिसेल आणि आजारी घड्याळ ठणठणीत म्हणून परत येईल. झाकणाचं, क्राऊनचं आणि दोन्ही बटणांचं रबर बदलणार का आणि नंतर प्रेशर टेस्ट करणार का. काढलेले जुने भाग परत देणार का. शेवटचं, सुटे भाग कुठून आणणार, कारण ७७५० बनवणाऱ्या एटा कंपनीचे अस्सल भाग हल्ली लहान दुकानांना सहज मिळत नाहीत, सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू ५०० हे मशीन ७७५० च्याच घाटावर बनलेलं आहे, त्याचे कुठले भाग लागतात ते जाणकाराला ठाऊक असतं, पण चिनी नकलेचे भाग घुसवले तर काही महिने चालून मग त्रास सुरू. आणि बाहेरून पॉलिश करून देऊ का असं विचारलं तर नको म्हण. काकांचे ओरखडे राहू देत, एकदा केसच्या कडा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत.

वाइंडर नको. एक घड्याळ, रोज घालणारा माणूस, त्याला कशाला. बंद पडलेलं घड्याळ झिजत नसतं, आणि तेल सुकलेलं हे घड्याळ रात्रंदिवस फिरवत ठेवणं तर उलटाच उद्योग. पुढे कधी घेतलंसच तर दिशा तपासून घे, एका दिशेने भरणाऱ्या मशीनला उलट्या दिशेची सेटिंग लावली की रात्रभर फिरतं आणि सकाळी बंद ते बंद. आठवडाभर बाजूला ठेवायचं असेल तर कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवू नकोस, स्पीकरवर ठेवू नकोस, बाकी कुठेही.

तर आत्ता एवढं कर. आज रात्री तारखेचं उलटं सुलटं कर, पण घड्याळातले काटे साडेसहावर आणूनच. उद्यापासून चाचणीचे तास लिही. क्रोनोला हात लावू नकोस तेल होईपर्यंत. आणि मालवणच्या आधी निदान महिनाभर दुकानात टाक, मे मध्ये लग्नसराई असते, सगळ्यांना सासऱ्याने दिलेलं घड्याळ तेव्हाच दुरुस्त करून हवं असतं, त्या गर्दीत तुझं क्रोनोग्राफ कुणी निवांत उघडणार नाही.